काही झालं नाही

दोन वर्षं होत आली या गोष्टीला. शनिवारची संध्याकाळ होती. घरी चार जण जेवायला आले होते आणि मी ओट्यापाशी उभा राहून सुशी वळत होतो. कॉलेजातल्या मित्राची बायको शेजारी येऊन उभी राहिली. ती माझ्याच वयाची आहे, पण लग्न झाल्यावर मी तिला चेष्टेत वहिनी म्हणायला लागलो आणि तेच नाव पडलं. ताटलीत केशरी माशाचे पातळ काप मांडून ठेवले होते. त्यांच्याकडे बघत तिने विचारलं, "हे असं कच्चं खाल्लेलं चालतं ना रे?"

मी सुरी ओल्या फडक्याला पुसत म्हणालो, "चालतं म्हणजे काय! सशिमी ग्रेड आहे."

ती हसली. तिने दोन तुकडे खाल्ले. कुणालाही काही झालं नाही.

एवढीच गोष्ट आहे. हिच्यात कुणी आजारी पडत नाही, मैत्री तुटत नाही. तरी ती माझ्या डोक्यातून जात नाही, कारण मी जे बोललो ते खोटं होतं. काही झालं नाही म्हणून ते खपून गेलं का, आणि खपून गेलं म्हणजे नक्की काय झालं, हे मला अजून पुरतं उलगडलेलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

*

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. थोड्या अंतरावर कॅरोलटन नावाच्या गावात कोरियन दुकानांची मोठी वस्ती आहे. तिथल्या एका एशियन ग्रोसरीत मी पहिल्यांदा गेलो तो बांगड्याच्या शोधात. मी मूळचा अलिबागचा. अमेरिकन सुपरमार्केटातल्या माशाला डोकं नसतं, डोळे नसतात, कल्ले नसतात. प्लास्टिकच्या ताटात एक गुळगुळीत तुकडा असतो आणि हा पोहत होता यावर विश्वास ठेवावा लागतो. इथे बर्फावर अख्खे मासे मांडलेले होते, खाली फरशी ओली होती आणि नाकात घरच्या बाजाराचा वास गेला. बांगडा मिळाला. सोबत पुढच्या फडताळावरची नोरीची पाकिटं आणि बांबूची छोटी चटईही टोपलीत आली, आणि तिथून सुशी सुरू झाली.

सुशी करणं म्हणजे मुख्यतः भात करणं. हे मला सहा महिन्यांनी कळलं. बुटक्या, चिकट दाण्याचा जपानी जातीचा तांदूळ लागतो. तो कॅलिफोर्नियात पिकतो आणि सहज मिळतो. पाणी नितळ होईपर्यंत तो धुवायचा, मोजून पाण्यात शिजवायचा, आणि गरम असतानाच त्यात तांदळाचं व्हिनेगर, साखर आणि मीठ कालवायचं. डाव उभा धरून कापल्यासारखं कालवायचं, नाहीतर दाणे मोडून लगदा होतो. एका हाताने वारा घालायचा म्हणजे दाण्यावर तकाकी येते. मग नोरीची खरखरीत बाजू वर ठेवायची, हात व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून भात पसरायचा, वरच्या कडेला दोन बोटं जागा सोडायची आणि वळायचं. माझ्या पहिल्या दहाबारा गुंडाळ्या कापताना फुटल्या. सुरी प्रत्येक कापानंतर ओली करून पुसायची असते हे तेव्हा माहीत नव्हतं.

या सामानात गमतीचा भाग असा की निम्म्या गोष्टी खोट्या असतात. नळीतला हिरवा वासाबी बहुतेक वेळा हॉर्सरॅडिश नावाचं पांढरं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांचं मिश्रण असतो, कारण खरं वासाबी महाग आणि नाजूक. खेकड्याच्या लाल-पांढऱ्या कांड्या स्वस्त पांढऱ्या माशाच्या वाटणातून बनवलेल्या असतात. पण पाकिटामागे हे सगळं लिहिलेलं असतं. नकली खेकडा स्वतःला नकली म्हणवून घेतो. पुढे जे घडलं त्याचा विचार करताना मला हे बऱ्याचदा आठवतं.

आईला फोनवर सांगितलं, कच्चा सामन खातो. तिने विचारलं, "म्हणजे रावस का?" मी म्हटलं, नाही, वेगळा. ती जरा थांबली आणि म्हणाली, "कच्चं कशाला पण? गॅस नाही का तुझ्याकडे?"

मी हसलो होतो. पण तिच्या प्रश्नात जे शहाणपण होतं ते आता कळतं. आमच्याकडे मासा बाजारातून येतो, मोरलीवर कापला जातो, हळद-मीठ-आगळ लागतं, आणि मग तो उकळत्या आमटीत किंवा तापल्या तव्यावर जातो. वाटेत कुणाच्याही हातून थोडी हलगर्जी झाली असली तरी विस्तव ती बरीचशी माफ करतो. कच्चा मासा खायचा ठरवलं की ही शेवटची तपासणी आपण काढून टाकतो. मग कोळ्यापासून बर्फवाल्यापर्यंत, दुकानातल्या कापणाऱ्यापासून माझ्यापर्यंत, साखळीतल्या प्रत्येकाचं म्हणणं अक्षरशः खरं असावं लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा चाचणी न करता थेट प्रॉडक्शनला पाठवलेला कोड आहे.

*

सुशीचा इतिहास वाचला तर हा भरवशाचाच इतिहास आहे असं दिसतं. सुशी हा शब्द मुळात आंबटपणाशी जोडलेला आहे, कच्च्या माशाशी नाही. सगळ्यांत जुन्या प्रकारात खारवलेला मासा भातात महिनोन्‌महिने दाबून आंबवत. भात टाकून द्यायचा आणि मासा खायचा. बिवा सरोवराच्या परिसरात फुनाझुशी नावाने हा प्रकार अजून करतात. म्हणजे सुशीची सुरुवात मासा टिकवण्याच्या युक्तीपासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, हाताने दाबलेल्या भाताच्या मुटक्यावर मासा ठेवून विकायला लागले. तोही बराचसा सोया सॉसमध्ये मुरवलेला, व्हिनेगरमध्ये बुडवलेला किंवा शिजवलेला असे, कारण बर्फपेटी नव्हती. आज आपण ज्याला अस्सल म्हणतो तो थंडगार, लालबुंद, नुसता कच्चा काप ही शीतगृहांची देणगी आहे.

आणि सामन तर त्याहून अलीकडचा. जपानी लोक सामन पिढ्यान्‌पिढ्या खात आले, पण भाजून किंवा खारवून. पॅसिफिक महासागरातल्या सामनमध्ये कृमी असतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९८० च्या दशकात नॉर्वेकडे मत्स्यशेतीतला सामन वाढत चालला होता आणि त्यांना जपानी बाजार हवा होता. आमचा मासा अटलांटिकचा आहे, जाळीच्या पिंजऱ्यात वाढतो, कारखान्यात बनवलेलं खाद्य खातो, म्हणून त्याच्या पोटात त्या कृमी जात नाहीत, हे जपानी व्यापाऱ्यांना आणि स्वयंपाक्यांना पटवायला त्यांना दहाएक वर्षं लागली. आज जगभर सुशीच्या ताटात सगळ्यांत आधी दिसतो तो हा केशरी काप, एका देशाने दुसऱ्या देशाच्या 'चालतं ना?' या प्रश्नाला वर्षानुवर्षं दिलेल्या उत्तरातून आलेला आहे. मी तेच उत्तर दोन सेकंदांत देऊन टाकलं.

*

त्या शनिवारी काय झालं ते सांगतो.

मी ज्या दुकानात जायचो तिथे माशाच्या विभागात दोन वेगळ्या जागा होत्या. एका बाजूला बंद पाकिटांत सशिमीसाठी कापलेले तुकडे, त्यावर तारीख, वेगळा थंड कप्पा. दुसऱ्या बाजूला बर्फावरचे साधे मासे आणि फिले. ते गिऱ्हाइकाने घरी नेऊन शिजवायचे. एरवी मी पहिल्या कप्प्यातून घ्यायचो. त्या दिवशी उशीर झाला होता आणि कप्पा रिकामा होता. घरी पाच माणसांचा भात व्हिनेगर लावून तयार होता.

बर्फावर सामनचा सुंदर फिले पडलेला होता. पाटीवर 'अटलांटिक, मत्स्यशेतीतला' असं लिहिलेलं. मला थोडं वाचन होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने रेस्टॉरंटांसाठी आणि दुकानांसाठी जी नमुना नियमावली केली आहे, तिच्यानुसार कच्चा वाढायचा मासा कृमी मरण्यासाठी उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना गोठवून तिथेच १५ तास ठेवायचा असतो. घरातला फ्रीझर साधारण उणे १८ला असतो, म्हणजे तो या कामाचा नाही. पण ट्यूनाच्या ठरावीक जातींना आणि योग्य खाद्यावर पाळलेल्या सामनसारख्या माशांना या नियमातून सूट आहे. मी मनात म्हटलं, पाळलेला आहे, कृमींचा प्रश्न नाही, झालं तर मग.

जे मी मनात म्हटलं नाही ते असं. सूट कृमींपुरती आहे, जिवाणूंपुरती नाही. गोठवल्यानेही जिवाणू मरतात असं नाही. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडाव्यातही वाढू शकतो. शिजवण्यासाठी ठेवलेला हा फिले कधी कापला, कुठल्या फळीवर, तिच्यावर आधी काय कापलं होतं, हे मला माहीत नव्हतं. काउंटरपलीकडच्या माणसाला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. का नाही विचारलं, तर तो "हा कच्चा खाऊ नका" म्हणाला असता अशी मला भीती होती. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली आहेत.

*

विल्यम किंग्डन क्लिफर्ड हे नाव इंजिनियरिंगच्या मुलांना माहीत असलं तर बीजगणितामुळे. हा इंग्रज गणिती १८७९ मध्ये अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या दोन वर्षं आधी त्याने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला, आणि त्याची सुरुवात एका जहाजमालकापासून केली. जहाज जुनं आहे, डागडुजी लागते आहे, आणि त्यातून परदेशी स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबं जाणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते. मग तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याची अगदी प्रामाणिक खात्री पटते. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, खात्री प्रामाणिक होती याने तो सुटत नाही, कारण ती खात्री त्याने तपास करून कमावली नव्हती, शंका दाबून मिळवली होती.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. क्लिफर्ड पुढचं पाऊल टाकतो. समजा, जहाज बुडालं नाही. सगळे सुखरूप पोहोचले. मग मालकाचा दोष कमी होतो का? त्याचं उत्तर आहे, तिळभरही नाही. फक्त तो पकडला जात नाही.

मी हा निबंध त्या शनिवारनंतर वाचला आणि मला राग आला. माझा धोका जहाजाएवढा नव्हता. अटलांटिकचा पाळीव सामन पाच जणांनी खाल्ला तर त्यातलं कुणी गंभीर आजारी पडण्याची शक्यता फार थोडी, हे मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. धोका शून्य असल्याशिवाय कुणाला खाऊ घालायचं नाही असं ठरवलं तर स्वयंपाकघराला कुलूप लागेल. पाहुण्यांना पाणीपुरी देताना आपण पाण्याचा अहवाल वाचून दाखवत नाही. आईने केलेलं लोणचं बरणीवर कुठलाही शिक्का नसताना घरोघर जातं.

हे सगळं खरं आहे, आणि यातल्या कशाचाही माझ्या बोलण्याशी संबंध नाही. मी थोडा धोका पत्करला ही माझी चूक नव्हती. दोन वर्षं मी एकटा असा मासा खात होतो, माझं पोट होतं. चूक अशी की वहिनीने तिच्या पोटाबद्दल विचारलं आणि मी तिला माझ्या सोयीचं उत्तर दिलं.

मग मी दुसरी पळवाट शोधली. 'सशिमी ग्रेड' या शब्दाला अमेरिकेत कायद्याची व्याख्याच नाही. कुणीही तो पाटीवर लिहू शकतो. ज्या शब्दाला ठरलेला अर्थ नाही तो वापरून खोटं कसं बोलता येईल? इंजिनियरला आवडावं असं हे आर्ग्युमेंट आहे, आणि ते कुठे तुटतं हेही इंजिनियरलाच लवकर दिसायला हवं. 'टेस्ट केलंय' या शब्दांनाही कायद्याची व्याख्या नाही. पण सहकाऱ्याने विचारलं आणि मी न चालवलेल्या कोडबद्दल "टेस्ट केलंय" म्हणालो, तर तो शब्दांचा घोळ नसतो. त्या शब्दामागे कामाची एक रीत असते आणि ऐकणाऱ्याला ती माहीत असते. वेगळा कप्पा, वेगळी सुरी, तारीख, आणि 'आम्ही हा कच्चा खाण्यासाठीच ठेवला आहे' असं जाहीरपणे म्हणायची दुकानाची तयारी, एवढं त्या पाकिटावरच्या शब्दामागे होतं. मी रीत दुकानात सोडली आणि शब्द तेवढा घरी आणला. त्या ओट्यावर खोटा वासाबी होता, खोटा खेकडा होता, पण चुकीचं लेबल लागलेली वस्तू एकच होती आणि ते लेबल मी तोंडाने लावलं होतं.

*

यानंतर तीन आठवड्यांनी मित्राचा फोन आला. वहिनीला दिवस गेले होते. आठवडे मोजले तर त्या शनिवारीही गेलेले होते; तिला माहीत होतं, आम्हाला सांगितलं नव्हतं.

मी अभिनंदन केलं. फोन ठेवला आणि खूप वेळ तसाच बसून राहिलो. गरोदरपणात कच्चा मासा टाळायला सांगतात, आणि त्यामागचं एक मोठं कारण लिस्टेरिया असतं. आईला नुसता तापासारखा त्रास होतो, बाळाला मात्र फार मोठी इजा होऊ शकते. खाल्ल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कित्येक आठवडे जाऊ शकतात. म्हणजे मी हे वाचत होतो तेव्हा ती मुदत अजून संपलेली नव्हती.

त्या रात्री मी ठरवलं की सांगायचं नाही. कारण तयार होतं: तिला उगाच काळजी कशाला? शक्यता नगण्य आहे. या दिवसांत मन शांत हवं. आता सांगून माझं मन हलकं होईल आणि तिचं जड होईल. हे ऐकायला परोपकारी वाटतं. आजही कुणी मला हे कारण दिलं तर क्षणभर पटेल.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोघा तत्त्ववेत्त्यांनी नैतिक नशिबाचा प्रश्न मांडला. नेगेलच्या उदाहरणात एक ट्रकचालक आहे. त्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यावर मूल आडवं आलं तर तो जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. मूल आलं नाही तर संध्याकाळपर्यंत विसरून जाईल. दोन्ही दिवशी त्याने केलं ते सारखंच. मग दोषाचं माप आपण निकालावरून का ठरवतो? क्लिफर्ड म्हणतो, ठरवू नये. नेगेलला ते इतकं सोपं वाटत नाही, कारण निकाल वगळत गेलं तर माणसाचं म्हणावं असं फारच थोडं हाती उरतं. मला या वादात निवाडा देता येणार नाही. पण एक गोष्ट मला माझ्या अनुभवातून दिसते: 'काही झालं नाही' हे वाक्य आपण नेहमी फार लवकर उच्चारतो. माझी निकालाची वेळ अजून आलेली नव्हती, तेव्हाच मी ते स्वतःला ऐकवलं.

कामाच्या ठिकाणी आम्ही याच्या उलट वागतो, निदान वागायचं ठरलेलं असतं. विमानवाल्यांकडून शिकलेली ही गोष्ट आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान वॉशिंग्टनच्या डलस विमानतळावर उतरताना व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. तपासात निघालं की साधारण दीड महिना आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान त्याच वाटेवर, नकाशाच्या आणि सूचनेच्या तशाच गैरसमजातून, त्या डोंगराला थोडक्यात चुकवून गेलं होतं. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्यांपर्यंत ते पोहोचलं नाही. त्यानंतर १९७६ पासून नासाने वैमानिकांसाठी अशी व्यवस्था चालवली की जिथे 'काही झालं नाही, पण होऊ शकलं असतं' हेच कळवायचं. कळवणाऱ्याचं नाव गुप्त राहतं. ज्या दिवशी काही होत नाही त्या दिवसाची माहिती सगळ्यांत मोलाची, कारण ती कुणाचा जीव न देता मिळालेली असते.

या नजरेने बघितलं तर माझं गप्प राहणं पहिल्या चुकीपेक्षा मोठं होतं. पहिली चूक दोन सेकंदांची, ओघात झालेली. दुसरी मी रोज सकाळी नव्याने करत होतो. आणि तिच्या काळजीची काळजी हे त्यातलं खरं कारण नव्हतं. मी चांगला स्वयंपाक करतो, मला मासे कळतात, अलिबागचा आहे, ही आमच्या गोतावळ्यातली माझी ओळख मला शाबूत ठेवायची होती.

*

अलिबागच्या बाजारात आईची एक ठरलेली कोळीण आहे. आई कल्ले उघडून बघते, बोटाने दाबून बघते, भाव करते, रुसून दोन पावलं पुढे जाते आणि परत येते. मला लहानपणी वाटायचं, एवढी तपासते म्हणजे आईचा तिच्यावर विश्वास नाही. पण कधीतरी ती कोळीण म्हणायची, "आज सुरमई नको नेऊस ताई, कालची आहे." त्या दिवशी आई काहीही न तपासता ती म्हणेल तो वाटा उचलायची. तो विश्वास 'नको नेऊस' या शब्दांतून आलेला होता. नाही म्हणणाऱ्या माणसाच्या हो ला किंमत असते.

अ‍ॅनेट बायर या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ मध्ये विश्वासावर एक निबंध लिहिला, त्यात हा मुद्दा फार नेमका येतो. विश्वास टाकणं म्हणजे ज्या गोष्टीची आपल्याला पर्वा आहे ती दुसऱ्याच्या हाती देणं, आणि तिचं वाईट करायची संधी त्याला देऊनही तो करणार नाही असं धरून चालणं. सुशीच्या दुकानात याला एक शब्द आहे: ओमाकासे. काय वाढायचं ते गिऱ्हाईक ठरवत नाही, समोरच्या आचाऱ्यावर सोडतं. शब्दाचा साधा अर्थ 'तुमच्यावर सोपवलं'. आचाऱ्यांची उमेदवारी वर्षानुवर्षं चालते ती हात बसावा म्हणून, हे खरंच. पण मला वाटतं, आज कुठला मासा वाढायचा नाही हे कळावं म्हणूनही ती तेवढी लांब असते.

वहिनीने मला तसंच सोपवलं होतं. आणि तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मित्राच्या घरी पुरावे मागत जेवू नये. क्लिफर्डच्या नियमाने तिने काउंटरवर जाऊन चौकशी करायला हवी होती असं कुणी म्हणेल, पण तिच्यापाशी चौकशीची एक जागा होती आणि तिथे तिने चौकशी केली. ती जागा म्हणजे मी.

*

मी तिला सांगितलं ते यंदा. मुलगी चौदा महिन्यांची झाली आहे. मित्र बाहेर गेला होता, वहिनी मुलीला वरणभात भरवत होती, आणि मी काहीही प्रस्तावना न करता सांगून टाकलं. कप्पा रिकामा होता, बर्फावरचा घेतला, विचारलं नाही, तुला खोटं सांगितलं.

तिने भरवणं थांबवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं की घरी सांगायचं नसलं तरी खायचं नाही. म्हणून तर विचारलं. ठरवलं होतं, तू जरा जरी अडखळलास तर काकडीचे खाईन. तू इतकं झटकन बोललास."

मी म्हटलं, "नंतर सांगणार होतो. पण तुला टेन्शन नको म्हणून..."

"सव्वा महिन्याने मला दोन दिवस ताप होता," ती म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं, काही कच्चं खाल्लं होतं का? मी म्हटलं, एकदा सुशी, पण सशिमी ग्रेडची होती. माझ्या तोंडून तुझा शब्द गेला तिकडे. त्यांनी तरी रक्त तपासायला घेतलं. काही निघालं नाही, साधाच ताप होता." मग चमचा वाटीत ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "टेन्शन आलं असतं तर मला आलं असतं ना? ते माझं होतं. ते तू परस्पर कसं ठेवून घेतलंस?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिची काळजी वाचवली असं समजत होतो. प्रत्यक्षात मी तिची माहिती दाबून ठेवली होती. ती वाटीतला शेवटचा घास भरवून मुलीचं तोंड पुसायला उठली. आम्ही पुढे दुसरंच काही बोललो. ती रागावली का, मला सांगता येणार नाही. त्यानंतर तीन आठवडे तिचा फोन नव्हता, एवढं खरं.

मी सुशी सोडलेली नाही. आता पाहुणे येणार असले की दोन ताटं करतो. एकात काकडी, अ‍ॅव्होकाडो, गोडसर अंड्याची जाड पोळी आणि तळलेली कोळंबी. दुसऱ्यात कच्चा मासा, तोही कप्पा भरलेला असला तरच. कप्पा रिकामा असला तर दुसरं ताट नसतं. जेवायला बसण्याआधी मासा कुठून आणला, कधी आणला, पाकिटावर काय लिहिलंय आणि मला काय माहीत नाही, ते सांगतो. सुरुवातीला लोक हसायचे. एकाने विचारलं, सही कुठे करायची? काही जण ऐकून काकडीच्या ताटाकडे वळतात. बरेच जण ऐकून कच्चाच मासा उचलतात, आणि तो आता त्यांचा त्यांनी उचललेला असतो.

गेल्या महिन्यात वहिनीचा मेसेज आला. शनिवारी तिघं येतोय, सुशी कर. खाली आणखी एक ओळ होती: मासा कुठला ते आधी सांग. मी दुकानात उभा होतो. पाकिटाचा फोटो काढला, तारीख दिसेल असा, आणि पाठवला.